दिनविशेष : २२ ऑगस्ट – एरिक वॅग्नर यांचा स्मृतिदिन

अमेरिकेतील ‘ट्रबल’ या बँडचे गायक एरिक वॅग्नर यांचे कोरोनाने २०२१ मध्ये आजच्या दिवशी निधन झाले. ते ६२ वर्षांचे होते. इलिनॉयमधील ऑरोरा येथे १९७९ मध्ये सुरू झालेल्या या बँडचा पहिला अल्बम १९८४ मध्ये ‘मेटल ब्लेड’ या कंपनीने काढला. पुढे तो ‘साम ९’ या नावाने ओळखला गेला. हेवी मेटलमध्ये वेगाची चढाओढ लागलेल्या त्या वर्षी या मंडळींनी लय मुद्दाम संथ ठेवली. ‘ब्लॅक सबाथ’ या बँडच्या जडशीळ रिफवर ब्रूस फ्रँकलिन आणि रिक वॉर्टेल यांच्या जोडगिटारी चढवल्या, ही ‘जुडास प्रीस्ट’ या बँडची देणगी. या अल्बममधले ‘द टेम्प्टर’ ऐकताना जड पावलांनी चाललेले गाणे मध्येच भरधाव सुटते. ‘क्रीम’ या बँडचे एक गाणेही त्यांनी याच काळात गायले, त्यातून साठीच्या दशकातील रॉकची ओढ कळते. शब्द मात्र बायबलच्या वळणाचे, पापभीरू, आणि वॅग्नर यांचा टिपेचा स्वर ते काळजाला भिडवतो. डूम मेटल या संथ, जड शैलीचा पाया घालणाऱ्या या अल्बमला त्याच शैलीतील ‘कँडलमास’ या बँडइतकी प्रसिद्धी मिळाली नाही, हा अन्यायच आहे.