पत्ता खरा की खोटा?

श्रोतेहो, हल्ली संगणकावर एखादा अर्ज भरायला बसले की ईमेलचा पत्ता विचारतात. आपण तो नीट लिहितो, आणि यंत्र म्हणते, 'पत्ता अवैध आहे.' त्याच पत्त्यावर रोज टपाल येत असते, तरी यंत्र हटून बसते. हे कसे काय? त्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये काही खूण हवी होती. दुकानदार हिशेबात 'अमुक दराने' लिहिताना वापरीत, ते 'ॲट' चिन्ह त्याने निवडले. माणसांच्या नावात ते कधी येत नसे.

१९८२ साली या टपालाचे नियम पक्के झाले. चिन्हाच्या उजवीकडे गाव आणि डावीकडे घर, असे समजा ना! या घराच्या नावात अधिकचे चिन्हसुद्धा चालते. त्या नावाचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र त्या गावच्याच टपालघराचा. वाटेतल्या कुणाचा नव्हे.

पण पुढे अर्जांची सॉफ्टवेअरे लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांनी आपापल्या समजुतीचे साचे केले. 'पत्त्याच्या शेवटी दोन किंवा तीनच अक्षरे' असे कित्येकांनी धरून चालले. २००१ साली 'इन्फो' आणि 'म्युझियम' ही रोमन लिपीत चार व सहा अक्षरांची शेवटे आली, आणि खरे पत्ते दारातूनच परत फिरू लागले. २०१२ साली इतर लिपींतल्या पत्त्यांचे नियम झाले, २०१४ साली देवनागरीत '.भारत' सुरू झाले. तरी आपल्या लिपीतला पत्ता पाहून अडणारे अर्ज अजून आहेत.

बरे, साच्यातून जो सुटला तो पत्ता खरा, असेही नाही. एक अक्षर चुकले तरी साचा खूश! मग परीक्षेचे प्रवेशपत्र भलत्याच्याच घरी जाते, आणि मुलगा वाट पाहत बसतो.

म्हणून जाणकार सांगतात : चिन्ह आहे ना, दोन्ही बाजूंना काही लिहिले आहे ना, एवढे पाहावे आणि त्या पत्त्यावर एक पत्र धाडावे. पत्रातला सांकेतिक आकडा अर्जदाराने परत कळवला, की पत्ता खरा. शिक्षकमित्रांनो, मुलांचे अर्ज भरताना या पत्राची वाट जरूर पाहा. ते आल्याशिवाय अर्ज पुरा झाला असे समजू नका.