सागाची खतावणी

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसीला महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या एका चिंचेच्या आश्रयाने सुमारे १५० माणसे वाचली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील त्या वृक्षाची आठवण शहराने जपली आहे. परंतु त्या वर्षीच्या पावसाचा दाखला मागावयाचा तो सागाकडे. त्याच्या खोडातील वर्षवलये चिंचेहून स्पष्ट. पुण्याच्या पंत व बोरगावकर या संशोधकांनी १९८३ साली ठाण्याकडील सागाची वलये हवामानाशी ताडून पाहिली होती.

अशी मापे ज्या मांडणीत ठेवतात, तिला अमेरिकेतील टक्सन नगरीचे नाव आहे. छिद्रित कार्डांच्या काळातील ही खतावणी मोठी काटकसरी! ओळीच्या आरंभी झाडाची खूण, मग साल, पुढे दहा वर्षांची दहा मापे. १९०० च्या ओळीतील नववा आकडा १९०८ चा. ९९९ आले की नोंद संपली. त्या आकड्यात एका दिवसाचा पूर अर्थातच सापडावयाचा नाही. वलय सबंध हंगामाचा हिशेब सांगते.

मात्र पुढे एखाद्या अवर्षणात वलय उमटलेच नाही, तर सालीकडून मोजताना १९०८ चा पाऊस १९०९ च्या नावे पडतो. म्हणून शेजारच्या अनेक झाडांशी ताळा जमल्यावाचून जाणकार साल लिहीत नाहीत.