गरमी : रोग कुणाचा, बदनामी कुणाची?

उपदंशाला गावाकडे 'गरमी' म्हणतात. 'भावप्रकाशा'त तो फिरंग रोग, म्हणजे परक्यांचा. इंग्रजांनी १८६८ च्या कायद्याने वेश्यांची सक्तीने तपासणी सुरू केली. त्यांच्याकडे जाणारा गोरा शिपाई मात्र मोकळा! १८८८ मध्ये कायदा गेला, ती नजर गेली नाही.

माळेगावची खंडोबाची यात्रा नांदेड-लातूरला कुणाला सांगायला नको. याच खंडोबाच्या नावाने मुली मुरळी म्हणून सोडल्या जात, बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. देव त्यांचा नवरा, आणि भोगणारे गावचे प्रतिष्ठित. रोग झाला की दोष मुरळीचा. १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा मुंबई इलाख्यापुरता. आम्ही निजामाच्या राज्यात. जून १९३६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणींची सभा घेऊन हे जिणे सोडा असे सांगितले.

१९४३ पासून पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे जगाला माहीत आहे. तरी अमेरिकेत टस्कीगीच्या काळ्या पुरुषांना 'अभ्यासा'साठी १९७२ पर्यंत उपचाराविना ठेवले. जात काय, वर्ण काय!

जखम दुखत नाही, आपोआप भरते, रोग आत राहतो. म्हणून सरकारी दवाखान्यात रक्त तपासा, जोडीदारासह. सुरुवातीला बहुधा एकाच इंजेक्शनात भागते. निरोध वापरा. गरोदर बाईची तपासणी तर आधी करा, नाहीतर रोग पोटातल्या बाळाला जातो.