एका अक्षराची आरोपी

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण सारेच सहज वापरतो. त्यामागे एका घरातला खून आहे आणि एका बाईवरचा, कधीच सिद्ध न झालेला आरोप आहे, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही. म्हणून या आरोपीच्या मनात थोडे डोकावून पाहावे, असे आम्हाला वाटते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. वय अवघे १८. थकलेल्या पगारासाठी दंगा करीत गारदी वाड्यात घुसले. जीव वाचवायला नारायणराव चुलत्याकडे धावले आणि चुलत्याच्या डोळ्यांदेखत कापले गेले. कटात सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसफ हे गारद्यांचे पुढारी होते, तसा वाड्यातला हुजऱ्या तुळाजी पवारही होता. नुसती नावे वाचली तरी कळते, की या खुनाला एक जात वा एक धर्म नव्हता. त्याचे मूळ भाऊबंदकीत होते.

लोकस्मृतीने मात्र या खुनाला एकच चेहरा दिला, तो चुलती आनंदीबाईंचा. राघोबादादांनी चिठ्ठीत 'नारायणरावांस धरावे' असे लिहिले आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, ही ती कथा. तो मूळ कागद आज आपल्यापुढे नाही. उरली आहे ती कथाच. मग ही कथा कोणाच्या सोयीची, असा प्रश्न आपण का विचारीत नाही?

आधी दादांचे मन पाहू. १७५८ साली अटकेपर्यंत गेलेला हा सेनापती. १७६१ साली पानिपतानंतर थोरले बंधू नानासाहेब वारले आणि गादी मिळाली १६ वर्षांच्या पुतण्याला, माधवरावांना. आपला हक्क डावलला गेला ही बोच त्यांच्या मनातून कधी गेली नाही. १७६८ साली धोडप येथे पराभव होऊन ते कैद झाले. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव वारले आणि गादीवर आला आणखी लहान पुतण्या. त्यानेही पुढे चुलत्यावरचा पहारा कडक केला. अशा मनाला सत्ता हवी असते, पण हाताला रक्त नको असते. 'मी फक्त धरायला सांगितले होते' हे वाक्य अशाच मनाला शोभते. म्हणजे 'ध चा मा'ची कथा आनंदीबाईंना जेवढी गुंतवते, तेवढीच दादांना सोडवते!

आता आनंदीबाई. गुहागरकडच्या ओक घराण्यातली ही मुलगी दादांची दुसरी पत्नी. नवऱ्याच्या कैदेची झळ तिनेही सोसली. तिच्या मनात राग नसेल, महत्त्वाकांक्षा नसेल, असे आम्ही म्हणणार नाही. पण राग म्हणजे पुरावा नव्हे. 'पोटच्या पोरासाठी तिने हे केले' असे सांगणाऱ्यांनी तारखा तपासाव्यात. तिचा मुलगा बाजीराव धारच्या किल्ल्यात जानेवारी १७७५ मध्ये जन्मला, खुनानंतर सोळा महिन्यांनी.

त्या काळच्या न्यायाने काय म्हटले? रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोषी ठरवले ते राघोबादादांना. त्या अपराधाला देहांत प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही आठवण महाराष्ट्राने अभिमानाने जपली आहे. दादांची वागणूकही याच निकालाला दुजोरा देते. ज्यांनी पुतण्याला मारले त्यांना त्यांनी शिक्षा केली नाही, पेशवाईची वस्त्रे मात्र घेतली. धरायला पाठवलेल्यांनी मारून टाकले असते, तर चुलत्याने पहिला हुकूम त्यांच्यावरच सोडला असता.

तरीही बोल राहिला बाईवरच. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' या १९०९ सालच्या नाटकासारख्या कृतींमुळे ही आनंदीबाई घरोघरी पोचली. घरातले पुरुष बिघडले की बाईने कान फुंकले म्हणायचे, ही आपली जुनी खोड. त्यामुळे घराण्याची इभ्रत राहते आणि पराक्रमी पुरुष नुसता भोळा ठरतो.

राघोबादादा १७८३ साली कोपरगावी वारले. आनंदीबाई पुढे दहा वर्षे पहाऱ्यातच जगल्या आणि १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्लीला वारल्या. त्या निर्दोष होत्या, असा निकाल द्यायला आम्ही बसलेलो नाही. आमचे म्हणणे एवढेच, की संशय आणि गुन्हा यांत अंतर असते. ते पुराव्याने पार करायचे असते, म्हणींनी नव्हे. एखाद्याचे नाव, घर किंवा जात ऐकताच आपण मनात निकाल लिहून मोकळे होतो, तेव्हा अक्षर बदलणारा हात आपलाच असतो.