लेखकाचा नकार आणि संपादकाची लेखणी

दुसऱ्याच्या मजकुरावर लेखणी चालवणं हे बिनआभाराचं काम आहे. पुस्तक चांगलं निघालं तर लेखक मोठा, आणि एक वेलांटी चुकली तर मुद्रितं तपासणारा आंधळा! वर्ध्यात राहून मी बरीच वर्षं हे काम करतो आहे. एका ज्येष्ठ लेखकांनी माझ्या सगळ्या दुरुस्त्या ‘मूळ आहे तसंच ठेवावं’ एवढ्या एका शेऱ्यानिशी परत पाठवल्या होत्या. १९६२च्या लेखननियमांनी निरोप दिलेले अनुच्चारित अनुस्वारसुद्धा त्यांना झाडून सगळे परत हवे होते. अशा वेळी राग येतो. पण लेखकाचा प्रत्येक नकार हा हट्टच असतो का? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला आमच्या जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही.

सेवाग्रामला बापूकुटी पाहायला आपण जातो. तिथेच महादेवभाई देसाईंचीही कुटी आहे. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहायला आले. त्याच शेगावचं पुढे १९४०मध्ये सेवाग्राम झालं. सुरुवातीच्या काळात महादेवभाई वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि तिथून शेगावला पायी ये-जा करत. वर्ध्याचं ऊन ज्याला ठाऊक आहे, त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गांधीजींचे चिटणीस, भाषांतरकार आणि संपादक अशी तिन्ही कामं ते सांभाळत. त्यांच्या हातून गेलेल्या दोन पुस्तकांची गोष्ट मला सांगायची आहे.

पहिलं ‘हिंद स्वराज्य’. नोव्हेंबर १९०९मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर गांधीजींनी ते दहा दिवसांत लिहिलं. उजवा हात थकला की डावा हात चाले. चाळीसेक पानं डाव्या हाताची आहेत. हस्तलिखित पावणेतीनशे पानांचं आणि खोडलेल्या ओळी फक्त सोळा. इतकी कमी खाडाखोड करणारा लेखक दुसऱ्याला कितीशी करू देणार?

१९३८च्या सप्टेंबरात ‘आर्यन पाथ’ या मासिकानं या पुस्तकावर खास अंक काढला. त्यात अनेक पाश्चात्त्य विचारवंतांनी लिहिलं. आदर दाखवून काहींनी यंत्रांविषयीच्या मतावर बोट ठेवलं. त्या अंकासाठी गांधीजींनी शेगावहून संदेश पाठवला. पुन्हा लिहायची वेळ आली तर भाषा इथे-तिथे बदलेन, पण तीस वर्षांच्या वादळी अनुभवानंतरही मत बदलण्यासारखं काही दिसलेलं नाही, असा त्याचा आशय होता. त्यानंतर पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिला महादेवभाईंची प्रस्तावना आहे. टीकाकारांचं म्हणणं त्यांनी तिथे मांडलं आणि त्याला उत्तरही दिलं. मजकुरातला विचार मात्र तसाच राहिला.

यात एक गंमत आहे. ब्रिटिश पार्लमेंटला उद्देशून गांधीजींनी या पुस्तकात ‘वेश्या’ हा शब्द वापरला होता. एका इंग्रज मैत्रिणीला तो खटकला. पुस्तकातून काही मागे घ्यायचं तर तेवढाच एक शब्द, असं गांधीजींनी १९२१मध्ये ‘यंग इंडिया’त जाहीर केलं. आता आजची प्रत उघडा. तो शब्द तिथेच आहे! लेखकानं कबूल केलेली एकमेव दुरुस्तीही छापात उतरली नाही. आमच्या धंद्यातल्या कुणालाही हे वाचून हसू येईल आणि थोडं दुःखही होईल.

दुसरं पुस्तक म्हणजे आत्मकथा, ‘सत्याचे प्रयोग’. महादेवभाईंचं इंग्रजी भाषांतर १९२७ आणि १९२९मध्ये दोन खंडांत आलं होतं. काही प्रकरणं प्यारेलालजींनी केली होती. १९४०मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. एका आदरणीय मित्रानं भाषा काळजीपूर्वक तपासली असून आपलं नाव उघड करू नये ही त्याची अट आहे, असं महादेवभाईंनी प्रस्तावनेत नोंदवलं. ते मित्र म्हणजे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री, असं पुढे स्पष्ट झालं. शास्त्रीजी नेमस्त पक्षाचे. असहकाराला त्यांचा उघड विरोध होता. ज्या राजकारणाला ते चुकीचं मानत, त्याचीच कथा त्यांच्या हाती होती. त्यांनी इंग्रजी घासूनपुसून दिलं आणि स्वतःचं नाव बाजूला ठेवलं. गांधीजी आणि महादेवभाईंनी त्या दुरुस्त्या मानानं स्वीकारल्या.

लेखक तोच. एका ठिकाणी तो तसूभर हलत नाही, दुसऱ्या ठिकाणी परक्याची लेखणी आनंदानं चालू देतो. मला यात विसंगती दिसत नाही. विचार माझा आहे, त्याला हात लावू नका. भाषा वाचकासाठी आहे, ती सुधारा, असा तो साधा हिशेब आहे.

आमच्या जिल्ह्यातला दुसरा दाखला विनोबांचा. १९३०-३१मध्ये वर्ध्यात ‘गीताई’ लिहून झाल्यावर त्यांनी ती मुलांच्या एका छोट्या वर्गाला शिकवून पाहिली. मुलं अडखळली, तिथे शब्द बदलले. १९३२मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात असताना पहिली आवृत्ती निघाली. पंडितांच्या आधी पोरांना संपादक नेमणारा असा लेखक विरळाच.

मूळ आहे तसंच ठेवा म्हणणाऱ्या लेखकांना म्हणूनच मी आता आधी एक गोष्ट विचारतो. साहेब, मी बदललेल्या या ओळीत तुमचं म्हणणं बदललं का? ‘हो’ म्हणाले, तर मुकाट्यानं मूळ शब्द परत बसवतो. तिथे मी शास्त्रीजींची हद्द ओलांडलेली असते. ‘नाही, पण मला तसंच आवडतं’ असं म्हणाले, तर मात्र मी वाद घालतो. कारण ते वाक्य लेखकाचं खरं, पण अडखळणार आहे तो वाचक. लेखकाच्या टेबलाशी बसून त्याची बाजू मांडायला तो येऊ शकत नाही. ती मांडणं हेच तर माझं काम.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)