त्रिपुराची तीन नगरे आणि अतिमानवाचे बळ

अतिमानवाचे बळ मोठे की परग्रहवासीयांचे यंत्र, हा वाद विज्ञानकथा आणि चित्रकथांच्या चाहत्यांत कायम रंगतो. १९३८ मध्ये अवतरलेला सुपरमॅन १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील ग्रहभंजक 'डेथ स्टार'ला पुरा पडेल काय? अशा वेळी पराक्रम ऊर्जेत मोजण्याची रीत आहे. पृथ्वीएवढा ग्रह पुरता विखरून टाकण्यास लागणारी ऊर्जा सूर्य सुमारे एका आठवड्यात बाहेर टाकतो. यंत्राच्या बळाचा अंदाज असा बांधता येतो. सुपरमॅन मात्र १९७८ च्या चित्रपटात पृथ्वीभोवती उडून काळच उलटा फिरवतो. त्याला कोणते माप लावणार?

या वादाचा फार जुना नमुना आपल्या सह्याद्रीत आहे. मंचरहून घोडेगाव, डिंभे, तळेघरमार्गे जेथे पोहोचता येते त्या भीमाशंकरच्या एका आख्यायिकेनुसार त्रिपुरासुराच्या वधानंतर शंकराने येथे विसावा घेतला आणि त्याच्या घामातून भीमा नदी उगम पावली. (शिवपुराणातील भीम राक्षसाची कथा निराळी.) कार्तिकात त्रिपुरारी पौर्णिमेला लागणारे दिवे याच वधाचे.

महाभारताच्या कर्णपर्वात ही कथा तपशिलाने येते. तारकासुराच्या तीन पुत्रांसाठी मयासुराने सोन्याचे, रुप्याचे आणि लोखंडाचे अशी तीन फिरती नगरे उभारली. प्रत्येकाची लांबी-रुंदी शंभर योजने. त्यांत मेलेल्यांना जिवंत करणारा जलाशयही होता. अमरत्व देण्यास ब्रह्मदेवाने नकार दिल्यावर बंधूंनी अट मागून घेतली: हजार वर्षांनी नगरे एकत्र येतील, तेव्हा जो एकाच बाणाने ती भेदील, त्याच्याच हातून आमचा मृत्यू व्हावा.

यंत्र अजिंक्य ठेवायचे आणि त्यातच एक फट सोडायची, ही कथाकाराची जुनी युक्ती. 'डेथ स्टार'लाही अवघ्या २ मीटर रुंदीचे एक छिद्र होते. तेव्हा केवळ बळाची तुलना फसते. निकाल अटीत दडलेला असतो.

शिवाचे बळही कथेने मोजून दिले आहे, हे विशेष. देवांना शंकराचे अर्धे तेज पेलवेना, म्हणून सर्व देवांचे अर्धे तेज शंकराने घेतले. तेव्हापासून तो महादेव. एवढे करूनही पृथ्वीचा रथ, बाणात विष्णू आणि सारथी म्हणून ब्रह्मदेव लागलाच. आजच्या वादांत मात्र नायकाला एकटाच उभा करतात, आणि इथेच गफलत होते.

मुळात कर्णपर्वात ही कथा कोणाचे बळ ठरवण्यासाठी सांगितलेली नाही. कर्णाचे सारथ्य करण्यात शल्याला कमीपणा वाटत होता. त्याचे मन वळवण्यासाठी दुर्योधन ती सांगतो, कारण त्या युद्धात लगाम प्रत्यक्ष ब्रह्मदेवाच्या हाती होते.