लहान शेत आणि गवतकापणीचे यंत्र

वाळवून साठवायचे गवत कापण्यासाठी युरोपात शतकानुशतके लांब दांड्याचा मोठा विळा वापरला गेला. महाराष्ट्रात एकेक मूठ धरून, बसून किंवा वाकून गवत कापतात; युरोपात कापणारा उभा राहून कमरेतून वळतो आणि पाते जमिनीलगत अर्धवर्तुळात फिरवत पुढे सरकतो. कसलेला माणूस दिवसाकाठी साधारण एक एकर कापी. धार दगडावर वरचेवर पाजवावी लागे, आल्प्सच्या परिसरात पाते हातोडीने ठोकून पातळ करत. गवत फुलोऱ्याच्या पुढे गेले की त्याचा कस उतरतो आणि कापलेले गवत वाळायला सलग काही दिवसांचे ऊन लागते. असे दिवस मोजकेच मिळत, म्हणून कापणीचा वेग हा वैरणीचा खरा प्रश्न होता.

अमेरिकेत ओबेड हसी याने 1833 मध्ये आणि सायरस मॅकॉर्मिक याने 1834 मध्ये धान्य कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. गवताचे काम वेगळे होते. ते दाट, ओले असते आणि जमिनीलगत कापावे लागते. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विल्यम केचम याने 1847 मध्ये खास गवतासाठीच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढच्या दशकात दोन चाकांची यंत्रे आली आणि त्यांची कापणीची पट्टी बिजागरीवर बसवली गेली. उंचसखल रानात पट्टी जमिनीबरोबर खाली-वर होऊ लागली. दगड किंवा खुंट आला की ती उचलता येई. या एका बिजागरीने यंत्र खडकाळ, वेड्यावाकड्या लहान शेतांत शिरले. ओहायोतील ‘बकाय’ हे या घडणीचे गाजलेले यंत्र. 

यंत्राला जुंपलेले घोडे चालू लागले की चाक फिरे, चाकावरून दातेरी चक्रे फिरत आणि एक लाकडी दांडा त्रिकोणी पात्यांची सुरी लोखंडी बोटांमधून झपाझप मागेपुढे ओढी. गवत कात्रीत सापडल्यासारखे कापले जाई. घोडे थांबले की सुरीही थांबे. पट्टीत गवत अडकले तर यंत्र मागे घेऊन ती मोकळी करावी लागे.

कोणते यंत्र घ्यावे याचा निवाडा तेव्हा शेतातच होई. 1857 मध्ये सिराक्यूज येथे आणि 1866 मध्ये ऑबर्न येथे जाहीर चाचण्या झाल्या. एकाच कुरणात अनेक कारखान्यांची यंत्रे चालवून कापणी किती नीट होते हे पाहिले गेले, शिवाय घोड्यांना किती ओढ लागते हे बलमापकाने मोजले गेले. हे मोजमाप फार मोलाचे होते. दहा घोडे बाळगणाऱ्याला जड यंत्र परवडे, पण ज्याच्याकडे एक जोडी किंवा एकच घोडा, त्याची निवड त्या ओढीवरच ठरे. एका घोड्यासाठी साडेतीन-चार फूट पट्टीची यंत्रेही निघाली. दोन घोडे आणि पाच फुटी पट्टी असेल तर दिवसाला आठ-दहा एकर होत.

विसाव्या शतकात इंजिनाची शक्ती थेट यंत्राला देणारा फिरता दांडा ट्रॅक्टरला जोडला गेला आणि सुरीचा वेग चाकाच्या वेगापासून सुटला. पण आल्प्समधील उतारावर ट्रॅक्टर उलटण्याची भीती होती, आणि तेथील शेतेही लहान. म्हणून मागे चालत हाताळायचे दोनचाकी यंत्र तेथे रुजले. स्वित्झर्लंडमध्ये ‘रॅपिड’ या कंपनीची सुरुवात 1926 मध्ये झाली. इटलीत लुइजी कास्टोल्डी याने 1943 मध्ये मिलानजवळ ‘बीसीएस’ ही कंपनी काढली. पट्टी समोर, इंजिन लहान, आणि उतारावर पकड राहावी म्हणून चाकांना खिळे. लहान शेतासाठी इतके चपखल यंत्र क्वचितच बनले असेल. जेथे तेही चढत नाही, अशा कड्यांवर हाताचाच विळा चालतो.

1960 च्या दशकात युरोपात फिरत्या ढोलांची आणि पुढे चकत्यांची यंत्रे पसरली. त्यांची लहान पाती प्रचंड वेगाने फिरून गवत तडाख्यानेच तोडतात. आडवे पडलेले, ओले गवतही त्यांत सहसा अडकत नाही आणि काम झपाट्याने उरकते. मात्र तेवढ्याच रुंदीला त्यांना पट्टीच्या यंत्राच्या कितीतरी पट शक्ती लागते, वजन जास्त असते आणि दगड दूर उडतात. झुडपे तोडणारे फिरत्या पात्यांचे यंत्र स्वस्त असले तरी वैरणीला चालत नाही. ते गवताचे बारीक तुकडे करते आणि ते नीट गोळा करता येत नाहीत.

त्यामुळे कमी शक्तीच्या ट्रॅक्टरमागे जुनी सुरीची पट्टी टिकून राहिली. तिची त्रिकोणी पाती रिव्हेट काढून एकेक बदलता येतात. अमेरिकेतील, शेतात ट्रॅक्टर टाळणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी विसाव्या शतकाच्या मध्यावर बनलेली ‘मॅकॉर्मिक-डीअरिंग नंबर 9’ ही घोड्यांची यंत्रे दुरुस्त करून आजही वापरतात. त्यांची दातेरी चक्रे बंद पेटीत, तेलात बुडालेली असल्याने फार झिजत नाहीत.